अर्नेस्टीनची साक्ष

डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलायला अर्नेस्टीन पेटवेने जागा निवडली ती म्हणजे ती चालवायची ती शाळेची रिकामी बस. सकाळची फेरी संपून मुलं उतरली की दुपारपर्यंत बस मैदानाच्या कडेला उभी असायची. घरी बोलायची सोय नव्हती. डाव्या हाताला चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची बायको मोझेल राहायची, उजव्या हाताला मोझेलची बहीण, आणि दोघींच्या खिडक्या बारा महिने उघड्या. अलाबामातल्या त्या गावात कुणाच्या घरी कोंबडी करपली तरी तीन गल्ल्यांना कळायचं.

ऑनलाइन दवाखान्याचा फॉर्म तिने आदल्या दिवशीच भरला होता. उंची, वजन, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, असे साठेक प्रश्न. शेवटी दोन फोटो मागितले, एक समोरून आणि एक बाजूने. बाजूचा फोटो तिने चारदा काढला आणि चारदा पुसला. पाचवा न बघताच पाठवून दिला.

हौस म्हणून कुणी असलं काही करत नाही. गेल्या तपासणीत तिचा रक्तदाब इतका चढला होता, की बस चालवायचा दाखला फक्त तीन महिन्यांचा मिळाला. बावीस वर्षं तिने त्या गावची पोरं शाळेत नेली होती. काहींच्या आयांनाही तिनेच नेलं होतं. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वजन उतरवायचं इंजेक्शन सुचवलं, विमा कंपनीने त्याचे पैसे देणार नाही म्हणून कळवलं, आणि म्हणून हा ऑनलाइन दवाखाना.

फोनच्या पडद्यावर डॉ. लिंडक्विस्ट दिसल्या. कुठल्याशा थंड राज्यात बसल्या होत्या, अंगात जाड स्वेटर. बाई भली होती, घाईत नव्हती.

"सुरुवातीला मळमळेल," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं खा, पाणी सोडू नका. आणि घरातल्या, ओळखीतल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, हे औषध घेतेय म्हणून."

"सगळ्यांना माहीत आहे," अर्नेस्टीन म्हणाली.

कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ देण्याची सोय तिने स्वतःच्याच तोंडाने घालवली होती. मागच्या वर्षी चर्चमधली लव्हीनिया पोटाचं ऑपरेशन करून बारीक होऊन आली, तेव्हा भर जेवणाच्या हॉलमध्ये अर्नेस्टीन म्हणाली होती, "अगं, तोंडाला कुलूप लावायचं सोडून पोटाला टाके घालून आलीस होय?" हॉल खदखदून हसला. लव्हीनियाही हसली, आणि पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. तेव्हा अर्नेस्टीनला त्याचं काही वाटलं नव्हतं.

औषध बर्फाच्या पिशव्यांसकट साध्या खोक्यात आलं. आठवड्याला एक सुई. पहिल्या महिन्यात दिवसभर पोटात ढवळायचं, संध्याकाळी कुठे दोन घास उतरायचे.

दर बुधवारी प्रार्थनेआधी चर्चच्या तळघरात बायकांचं वजन व्हायचं. मोझेल वजनकाट्यापाशी उभी राहून आकडा फळ्यावर लिहायची, आणि फळा सगळ्यांसमोर. अर्नेस्टीनचा आकडा पहिल्यांदा खाली आला तेव्हा मोझेलने खडू हातात तसाच धरला.

"सिस्टर अर्नेस्टीन, हे कसं केलंस?" चर्चमध्ये सगळ्या बायका एकमेकींना सिस्टरच म्हणायच्या.

"प्रभूची कृपा," ती म्हणाली. मग सगळ्या अजून बघताहेत हे पाहून पुढे म्हणाली, "आणि सूर्य मावळेपर्यंत मी काही खात नाही."

म्हटलं तर खरं होतं. मळमळीपुढे खाणार काय? पण त्या मळमळीचा बघता बघता उपास झाला, आणि उपासाला तिचं नाव लागलं. उन्हाळ्यापर्यंत तिचं चाळीस पौंड वजन उतरलं. दाखला पूर्ण वर्षाचा मिळाला. रेव्हरंडनी प्रवचनात तिचं उदाहरण दिलं. मोझेलने आणि तिच्या बहिणीने तोच उपास धरला. बायका तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत गेल्या आणि ही चढत गेली. खरं सांगायचं तर वरून दिसणारं गाव तिला आवडायला लागलं होतं.

ओझेलानेही उपास धरला तेव्हा मात्र अर्नेस्टीनला ते नको झालं. ओझेला टिबोडो ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींनी एकाच वर्षी लग्नं केली, एकाच वर्षी नवरे पुरले. ओझेलाला साखर होती आणि त्यासाठी दोन गोळ्या ती रोज घ्यायची.

"तू नको करूस," अर्नेस्टीन म्हणाली. "साखरेच्या माणसाने उपाशी राहू नये."

"वा गं वा. स्वतः माडीवर चढलीस आणि आता शिडी काढून घेतेस?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. चर्चच्या पायरीवर दोघीच होत्या, ऐकायला कुणी नव्हतं. अर्नेस्टीनने पर्स उचलली आणि ती घरी गेली. त्यानंतर तिने दोनदा ओझेलाच्या घरी मक्याचा कॉर्नब्रेड नेऊन दिला, जणू त्याने काम भागणार होतं. ओझेलाने तो झाकून ठेवला आणि सूर्य मावळायची वाट बघत बसली.

सात आठवड्यांत ओझेलाचं वजन तीन पौंड उतरलं. आठव्या रविवारी, भर दुपारी, चर्चच्या स्वयंपाकघरात मासे तळता तळता ती कोसळली. नशीब की तेलाच्या कढईवर पडली नाही. रक्तातली साखर पार तळाला गेली होती.

सोमवारी सकाळची फेरी आटोपून अर्नेस्टीन इस्पितळात गेली. ओझेला उशीला टेकून बसली होती. हाताला सलाइन होतं, आणि डोक्यावर विग नसल्यामुळे ती एकदम लहान दिसत होती.

"आलीस का," ती म्हणाली. "बस बाई. बघ माझी दशा. भक्तीत कमी पडले आणि तोंडावर आपटले."

"असं बोलू नकोस."

"मग काय बोलू? तोच देव, तोच उपास. तुझं ऐकतो, माझं नाही. काल रात्रभर आठवत होते, मी असं कुणाचं काय वाईट केलंय."

अर्नेस्टीनला खुर्चीत बसवेना. ती उठली, पुन्हा बसली.

"ओझेला, मी इंजेक्शन घेते."

"कसलं?"

"वजनाचं. फेब्रुवारीपासून. फोनवरून डॉक्टर बघते, औषध घरी येतं. उपास-बिपास काही नव्हता गं. मला मळमळायचं, म्हणून खात नव्हते."

ओझेलाने सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. रागावली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर अर्नेस्टीनने त्या आनंदाने घेतल्या असत्या.

"सुईचं मला काही नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला मिळाली असती तर मीही टोचून घेतली असती. पण सात आठवडे मी गुडघ्यावर बसून देवाला विचारत होते, माझ्यात काय खोट आहे म्हणून. आणि उत्तर तुझ्या फ्रीजमध्ये होतं."

"चुकलं माझं."

"मला नकोय ते. मी एकटीच उपाशी आहे का? मोझेल आहे, तिची बहीण आहे. ज्यांच्यासमोर मिरवलीस त्यांच्यासमोर सांग." तिने भिंतीकडे तोंड केलं. "जा आता. पोरं ताटकळतील."

पूर्ण आठवडा ओझेलाने फोन उचलला नाही.

रविवारी साक्षीची वेळ झाली. या वेळेला ज्याला देवाने काही दिलं असेल तो उठून सांगतो, आणि चर्चमध्ये कुणी एकट्याने बोलत नाही. एक वाक्य झालं की चारी बाजूंनी 'आमेन' येतं, 'सांग, सांग' येतं. मुकी माणसंसुद्धा तिथे वक्ते होतात. अर्नेस्टीन उठली तेव्हा ती एक शब्द बोलण्याआधीच तीन जणी 'आमेन' म्हणाल्या.

"मी इथे उपासाचं सांगितलं होतं," ती म्हणाली.

"आमेन!"

"ते खोटं होतं. मी औषधाची सुई घेते."

बायकांच्या हातातले पंखे थांबले. बाकांवरून 'आमेन' आलं नाही. रेव्हरंड पुस्तकाची पानं चाळू लागले. मोझेलने मान खाली घातली. अर्नेस्टीनने या चर्चमध्ये चाळीस वर्षांत असली शांतता ऐकली नव्हती, मयतीलाही नाही. ती दोन्ही हातांनी पुढचा बाक धरून उभी राहिली.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, निदान एकाला सांगा. मी कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटत होती. लव्हीनियाला हसणारी मीच होते. मग तुम्ही वाहवा केलीत, आणि ती मला गोड लागली. माझ्या खोट्यापायी माझी मैत्रीण..."

पुढे तिला बोलवेना. आधाराला कुणाचाच आवाज नव्हता. तिला वाटलं, बसावं खाली, किंवा सरळ दारातून निघून जावं.

इतक्यात अगदी मागच्या बाकावरून, जिथे इस्पितळातून सुटलेली माणसं बसतात तिथून, अजून अशक्त असलेला एक घोगरा आवाज आला.

"सांग, सिस्टर. पुढे सांग."