नुसत्या स्पिरिटची थाळी

धाकटीला घाई नडली. रोपवाटिकेत काम करणाऱ्या तिच्या ताईने पिशवीभर पाला आणून दिला होता. धाकटीने तो सावलीत वाळवला, दळला, स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला आणि प्रयोगशाळेत काचेच्या थाळीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर सोडला. दुसऱ्या दिवशी पेशी साफ मेलेल्या. तिने मागचापुढचा विचार न करता ताईला फोन लावला. शहाण्या माणसाने असा फोन करू नये, पण रोग सख्ख्या बहिणीलाच असला की शहाणपण कुठे टिकतं?

ताईने त्याच दिवशी पाल्याचा काढा सुरू केला आणि कुणाला न सांगता दवाखान्यातली इंजेक्शनं बंद केली. दोन खेपा चुकल्या, हे धाकटीला परवा कळलं.

आणि काल प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंनी तिची वही चाळून विचारलं, "नुसतं स्पिरिट घातलेली थाळी कुठाय?"

तुलनेसाठी लागणारी ती थाळी ठेवायची धाकटीकडून राहूनच गेली होती. नवशिकेही करत नाहीत अशी चूक! तिने लगेच ठेवली. स्पिरिट तेवढंच, पाल्याचा कणही नाही. आज सकाळी पेशी तितक्याच मेलेल्या. काम स्पिरिटचं होतं, पाला फुकटचा भाव खाऊन गेला होता.

ती तडक रोपवाटिकेत गेली. ताई रोपं पिशव्यांत लावत होती.

"या, शास्त्रज्ञीणबाई!"

धाकटीने एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा पाला खोटा?"

"पाल्याचं अजून काहीच कळलेलं नाही. चूक माझी आहे. उद्या इंजेक्शन घे, ताई."

"अगं, पण मला बरं वाटतंय. चार घास जातायत."

"इंजेक्शन बंद आहे म्हणून जातायत गं!" धाकटीला रडू फुटलं.

ताईने हातातलं रोप खाली ठेवलं. "लहानपणी फोडलेली बरणीसुद्धा माझ्या नावावर खपवलीस तू. आज स्वतःहून चूक कबूल करतेयस. एवढी घाबरलीयस?"

"हो."

ताईने हात धुतले, पदराला पुसले.

"नऊला बोलावतात. सोबत येशील? उलट्या होतात तेव्हा डोकं धरायला कुणी नसतं."

"येते," धाकटी कशीबशी म्हणाली. आधीच्या सहाही खेपांना ताई एकटीच गेली होती. धाकटी तेव्हा तिच्यासाठी औषध शोधत होती.