चीकूला आलेलं नवं पान

रबराच्या झाडाचं शेवटचं पान पुसून नाना दळवींनी फडकं बादलीत पिळलं, तेव्हा सव्वासहा वाजले होते. खजरान्याच्या देवळाकडून घंटा ऐकू येत होती आणि रस्त्यावर हारवाले आपल्या गाड्या मांडत होते. नानांचा सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. माती बोटाला चिकटली तर पाणी नाही, बोट कोरडं निघालं तर एक तांब्या. मग पानं उलटून पाहायची, कारण कीड नेहमी मागच्या बाजूने येते. मग ओल्या फडक्याने धूळ, आणि शेवटी कुंडीचं बूड पुसून ती लोडिंग रिक्षात. मोठी मागे, छोटी पुढे, मधे दुमडलेली पोती. चाळीस कुंड्यांना दोन फेऱ्या लागत.

विजय नगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला नाना पाच वर्षं झाडं भाड्याने देत होते. जागा चाळीस, झाडं ऐंशी. चाळीस झाडं पंधरा दिवस कचेरीत काढत. तेवढ्या वेळात उरलेली चाळीस खजरान्याला नानांच्या अंगणात हिरव्या जाळीखाली दम खात. पंधरा दिवसांनी अदलाबदल. ही युक्ती नानांनी शोधलेली नव्हती, या धंद्यातले सगळेच असं करतात. काचेच्या ज्या इमारतीत उघडणारी एकही खिडकी नाही आणि भिंतीवर मात्र हिरव्या अक्षरांत निसर्गप्रेमाची वाक्यं आहेत, तिथे कोणतंही झाड याहून अधिक दिवस धड राहत नाही, हे नानांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तिथल्या माणसांना ते पाच वर्षांत कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी झाड ही नेहमी हिरवी असणारी वस्तू होती, जशी भिंत नेहमी पांढरी असते.

रंगपंचमीच्या आठवड्यातला तो शुक्रवार होता. आठ वाजता नाना चौथ्या मजल्यावर पहिली कुंडी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले, तर समोर प्रियंका मॅडम उभ्या होत्या. कचेरीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. वर्षापूर्वी पुण्याहून या हिंदी मुलखात आल्या होत्या, आणि नानांशी आवर्जून मराठीत बोलत.

"काका, आज बदलायची नाहीत हं झाडं. यापुढे कधीच नाही."

"का बरं, मॅडम? काही मिस्टेक झाली का?"

"अहो, नाही! इकडे या, बघा."

प्रत्येक कुंडीत एक लाकडी पट्टी खोचलेली होती आणि तिच्यावर रंगीत अक्षरांत एकेक नाव. पलकच्या टेबलाशेजारचं रबराचं झाड आता चीकू होतं. देवांशचा अरेका पाम बिट्टू. स्वागतकक्षातल्या ड्रसिनाचं नाव रानीसाहिबा.

"आम्ही दत्तक योजना सुरू केलीय," प्रियंका म्हणाल्या. "प्रत्येकाने एक झाड घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, पाणी घालायचं, त्याच्याशी बोलायचं. आता मुलांचं भावनिक नातं जडलंय. तुम्ही झाडंच बदलून नेलीत तर कसं चालेल?"

"नातं ठीक आहे मॅडम, पर हे गमले थकून गेले आहेत. इथे ना धूप, ना हवा. पंधरा दिवस म्हणजे बहुत झालं त्यांना. घरी जाऊ द्या, मी परत आणतो ना."

"काका, किती गोड बोलता तुम्ही! तुमची मराठी ऐकली की मला हिंदी मालिकाच आठवते." त्या हसल्या. "तुम्ही दर सोमवारी येऊन फक्त पाहणी करा. बाकी आमची मुलं बघतील."

कॉफीचा कप घेऊन देवांश आला. तो इथल्याच अन्नपूर्णा भागातला, मराठी घरातला. "नानाजी, माझ्या बिट्टूला हात नका लावू हां. अनजान लोकांनी छुलं की तो नाराज होतो."

पाच वर्षं ज्याने त्या पामचं एकेक पान पुसलं होतं, त्या अनजान माणसाने हातातली कुंडी पुन्हा लिफ्टमध्ये ठेवली. भरलेली रिक्षा तशीच खजरान्याला परतली.

पुढच्या तीन सोमवारी नानांनी पाहणी केली. चीकूच्या मातीत चहा ओतलेला होता, वर साखरेला मुंग्या लागल्या होत्या. बिट्टूला रोज तीन जण पाणी घालत, कारण तिघांचं त्याच्यावर प्रेम होतं. त्याच्या मुळाशी कुजकट वास सुटला होता. उलट रानीसाहिबाला कुणीच पाणी घालत नव्हतं, पण तिच्यासोबत सगळे फोटो काढत. एका कुंडीत कुणीतरी सुपारीच्या पुडीचा कागद नीट घडी करून खोचला होता. पलक आपल्या फोनवर चीकूला बासरी ऐकवत होती.

"त्याला आवडते, नानाजी," ती म्हणाली. "बघा, कसा ऐकतोय."

झाडाची खालची चार पानं पिवळी पडली होती. ते ऐकत नव्हतं, मरत होतं. नानांनी मान डोलावली.

त्या शनिवारी कचेरीला सुट्टी होती. साफसफाईला येणाऱ्या शारदाने सात वाजता दार उघडलं, तेव्हा नाना ताजं रबराचं झाड घेऊन उभे. त्यांनी जुन्या कुंडीतली पट्टी उपटली, नव्या कुंडीत खोचली आणि जुनी कुंडी लिफ्टमध्ये ठेवली. अशा चाळीस पट्ट्या, दोन फेऱ्या.

शारदा झाडू टेकून बघत राहिली. "नाना, कुणाला कळलं तर?"

"कळू दे ना. कळलं तर मी पेढे वाटीन."

पेढे वाटायची वेळ आली नाही. सोमवारी पलकने अख्ख्या मजल्याला ओरडून सांगितलं की चीकूला नवं पान आलं. पलकच्या चीकूला शुक्रवारी नऊ पानं होती. या झाडाला तेरा होती आणि ते वीतभर अधिक उंच होतं. तिने त्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, प्रेमाने सगळं फुलतं. देवांशने नव्या बिट्टूच्या पानावरून हात फिरवला आणि तो आपल्याला ओळखतो असं जाहीर केलं.

नानांच्या आयुष्यात तिरस्काराला फारशी जागा नव्हती. आजोबा होळकरांच्या पागेत होते, वडील पालिकेच्या बागेत माळी. घरात माणसांपेक्षा मुक्या जिवांबद्दल अधिक बोललं जाई, एवढंच. पण त्या सोमवारपासून त्यांना तिरस्काराची चव लागली. दर पंधरा दिवसांनी शनिवारी झाडं बदलायची आणि सोमवारी गंमत बघायला जायचं. एकदा त्यांनी मुद्दाम दोन फांद्यांच्या झाडाऐवजी तीन फांद्यांचं ठेवलं. पलक म्हणाली, चीकू अंगाने भरला. घरी येऊन ते बायकोला, वसुधाला, नकला करून दाखवत. 'बघा कसा ऐकतोय!' म्हणताना स्वतःचा कान कुंडीला लावत. वसुधाही सुरुवातीला हसली. पुढे पुढे ती हसेनाशी झाली.

"पुरे झालं हो," एकदा ती म्हणाली. "त्यांना अक्कल नाही, मान लिया. पर तुम्ही रोज तेच घेऊन बसलाय."

पाच महिने असे गेले. राखीच्या दुसऱ्या दिवशी प्रियंकांनी नानांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. पडद्यावर झाडांचे फोटो होते. खाली महिने लिहिलेले.

"काका, मला तुमचे आभार मानायचेत. बघा, पाच महिने झाडं एकदाही बदलली नाहीत, आणि एकही मेलं नाही. उलट वाढली. मग इतकी वर्षं आपण ही अदलाबदल कशासाठी करत होतो?"

नानांनी पाण्याचा पेला उचलला.

"मी तुम्हाला दोष देत नाही हं. पद्धतच तशी पडलेली असते. पण आता आम्ही ठरवलंय, ही चाळीस झाडं तुमच्याकडून विकतच घेऊन टाकायची. भाडं नको, फेऱ्या नकोत. तुम्हालाही या वयात दगदग नको. आणि आमच्या बाकीच्या दोन ऑफिसांतही हेच करणार आहोत."

नानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मॅडम, ही ती झाडं नाहीत."

"म्हणजे?"

"मी बदलत होतो. हर दुसऱ्या शनिवारी. पट्टी काढायची, दुसऱ्या गमल्यात लावायची. शारदाला विचारा. इथे एक महिना ठेवलं ना, तर एकपण जिंदा राहणार नाही."

प्रियंका क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, तो राग नव्हता. ती दया होती.

"काका, मी समजू शकते. कॉन्ट्रॅक्ट जाणार म्हणून वाईट वाटतंय तुम्हाला. पण असं नका ना बोलू. पलक रोज बसते त्या झाडाशेजारी. तिला कळलं नसतं का?"

दाराशी पलक उभी होती. तिने ऐकलं होतं. "नानाजी, मजाक करू नका हां," ती म्हणाली, आणि खरोखरच दुखावलेल्या माणसासारखी तिची नजर खाली गेली. "माझा चीकू मी डोळे बंद करून पण ओळखीन."

सोमवारी चेक तयार ठेवते, असं प्रियंकांनी सांगितलं.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. जाळीखाली दम खाणाऱ्या कुंड्यांमधून ते फिरत राहिले. मार्चमधला पहिला बिट्टू तिथेच कोपऱ्यात होता; मुळं छाटल्यावर कसाबसा उभा राहिलेला, एक नवी पाती काढलेला. वसुधा चहा घेऊन आली.

"गधे आहेत सगळे," नाना म्हणाले. "डोळे आहेत पर दिसत नाही. झाड आणि प्लास्टिक एकच त्यांना."

वसुधाने कप कुंडीच्या काठावर टेकवला. "खरं बोलू? रागवू नका."

"बोल ना."

"मेलेलं झाड तुम्ही त्यांना कधी दाखवलंच नाहीत. पाच साल झाले. पान पिवळं पडलं की तुम्ही उचलून आणता, ताजं ठेवता. मग त्यांना कसं कळणार, की हे मरतं?"

पाच महिने जी माणसं नानांनी मूर्ख म्हणून चघळली होती, ती त्यांनीच घडवली होती, त्यांच्याच फडक्याने आणि तांब्याने. हा विचार अपमानकारक होता.

"तर मग राहू देऊ तिथे? विकू? दिवाळीपर्यंत सगळी वाळतील, तेव्हा शिकतील."

"शिकतील की," वसुधा म्हणाली. "पर झाडांचं काय?"

तेच होतं. धडा त्या कचेरीला मिळाला असता आणि किंमत चाळीस झाडांनी मोजली असती. त्यातली कित्येक नानांनी बोटभर फांदीपासून वाढवली होती. आणि शिकून तरी ती माणसं काय करणार होती? नवी चाळीस आणली असती, नवी नावं ठेवली असती. नानांनी थंड झालेला चहा मातीत ओतला नाही, उभ्याउभ्या पिऊन टाकला.

शनिवारी पहाटे ते रिकामी रिक्षा घेऊन विजय नगरला गेले. सातला शारदाने दार उघडलं. रिकामे हात बघून तिने भुवया उंचावल्या.

"आज नवी नाही आणली?"

"नाही."

त्यांनी नेहमीप्रमाणे एकेक पट्टी उपटली, माती झटकली आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवली. कुठलं नाव कुणाचं, हे विचारावं लागलं नाही. कोणत्या खुर्चीवर कोण बसतो आणि कोण चहा ओततो, सगळं त्यांना पाठ होतं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. पहारेकऱ्याने नेहमीच्या वहीत नेहमीची सही घेतली. शेवटची कुंडी रानीसाहिबाची होती. तिला दोघांनी मिळून लिफ्टपर्यंत सरकवलं.

मग मजला रिकामा दिसू लागला. जिथे जिथे कुंडी होती, तिथे पांढऱ्या फरशीवर एकेक तपकिरी कडं उमटलेलं होतं. पाच वर्षांच्या पाण्याचं आणि मातीचं, टेबलाटेबलाशी, भिंतीच्या कडेने, स्वागतकक्षापर्यंत.

शारदाने बादली आणि पोछा पुढे ओढला. "राहू द्या नाना, मी करते. माझंच काम आहे."

"तुझं नाही हे," नाना म्हणाले.

पोछा त्यांनी तिच्या हातातून घेतला. गुडघे दुखत होते, म्हणून सरळ खालीच बसले आणि पहिल्या कड्यापासून सुरुवात केली. काही डाग एका फटक्यात निघाले. पलकच्या टेबलाखालचं कडं निघेना. ते त्यांनी नखाने खरवडलं, पुन्हा पुसलं, हात फिरवून पाहिला. चाळिसावी जागा कोरडी झाली तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्यांनी बादलीतलं गढूळ पाणी मोरीत ओतलं, पोछा स्वच्छ धुऊन पिळला, दोरीवर वाळत घातला, आणि जिन्याने खाली उतरले.