आरशात न येणारी जागा

बारकीला रोज सकाळी बसमध्ये एकच स्वप्न पडायचं, आणि तेसुद्धा अर्धवट उघड्या डोळ्यांनी. स्वप्नात एक रिकामा, धुकट रस्ता असायचा आणि ती जमिनीपासून वीतभर वरून चाललेली असायची. खाली मोटारसायकल असायची, पण तिचा आवाज यायचा नाही, नुसती गार हवा बाह्यांत शिरायची. कुठे निघाली, कशाला निघाली, हे स्वप्नाला कोण विचारतं! मग बस गचका खायची आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या छोट्या आरशात दोन डोळे दिसायचे. ऊठ, तुझा थांबा आला, असं ते डोळे सांगायचे. ते बारकीच्या बाबांचे होते. बस बाबाच चालवायचे.

बारकी दात बनवायच्या कामाला होती. हसू नका, कोणीतरी बनवतच असतं की! डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावर ही मेणाचे दात कोरायची, मग ते भट्टीत जाऊन धातूचे होऊन बाहेर यायचे. भट्टी सांभाळणारे म्हातारे कारागीर आता घरी बसणार होते आणि जाताना त्यांनी भट्टी बारकीच्या हवाली केली होती. दोन वर्षं त्यांची बोलणी खाऊन, बोटं भाजून घेऊन तिने ती कमावली होती. फक्त भट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून सोमवारपासून तिने पहाटे सहाला कुलूप उघडायचं होतं. आणि पहिली बस, म्हणजे बाबांचीच बस, सुटायची सव्वासहाला. मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "जमत नसेल तर आत्ताच सांग. मी दुसऱ्या मुलीला देते भट्टी."

तेव्हा गाडी घ्यायची हे ठरलं. पण कुठल्या मुहूर्तावर कोण जाणे, बारकी बाबांना शब्द देऊन बसली होती, "तुम्ही हो म्हणाल तीच घेईन." आता शब्द दिला कोणाला, तर ज्याने सव्वीस वर्षं बस चालवली आणि दुचाकीवाल्यांना डासांशिवाय दुसरं नाव दिलं नाही, त्या माणसाला! रोज रात्री जेवताना बाबा पाढा वाचायचे. आज एक डास उजवीकडून आला, आज एक चाकाखालून निघाला. "अहो, पोरीला घास तर गिळू द्या," आई म्हणायची.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी बापलेक निघाले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू मुलगा बघायलाच चाललेत.

पहिल्याच दुकानात बारकीचा जीव जडला. शंभर सीसीची छोटीशी गाडी, पहाटेच्या आभाळाच्या रंगाची. ती वर बसली तर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले. तिने डोळे मिटले आणि दुकानातले दिवे, फरशी, विक्रेत्याची बडबड सगळं मागे राहिलं. बाह्यांत हवा शिरली. विक्रेता मायलेज सांगत होता, सेल्फ स्टार्ट सांगत होता, आणि ही कधीच कोपऱ्यावरून वळून गेली होती.

डोळे उघडले तर बाबा दिसेनात. बघते तर काय, बाबा तिच्या मागे दहा पावलांवर उकिडवे बसलेले, एक डोळा मिटून! मग उठले, बाजूला गेले, पुन्हा वाकले, पुन्हा एक डोळा मिटला.

"काका, काही पडलंय का तुमचं?" विक्रेत्याने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "या गाडीवर ही दिसतच नाही. बारीक पोर, बारीक गाडी. लांबून गाडी रिकामी वाटते."

दुसऱ्या दुकानात त्यांनी सव्वाशे सीसीची उंच गाडी काढायला लावली. तिच्यावर बारकी छान दिसत होती म्हणे, पण पाय टेकवायला तिला एका कुशीवर कलंडावं लागत होतं. "पडेल," बाबा म्हणाले. तिसऱ्या दुकानातल्या गाडीचा हॉर्न पिचका निघाला. चौथीचा मागचा दिवा चिंचोक्याएवढा. रंग, किंमत, इंजिन, कशाकशाचं बाबांना सोयरसुतक नव्हतं. नुसतं मागे जायचं, वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि मान हलवायची. विक्रेते आपसांत खुणा करायला लागले तशी बारकीची मान खाली गेली. लाजच वाटली तिला, खरं सांगायचं तर.

चौथ्या दुकानाच्या पायरीवर तिचा पारा चढला. "बाबा, तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये! सरळ सांगा ना. जाऊ दे ती भट्टी. बसते मी तुमच्या मागे जन्मभर, झोपा काढत."

बोलून गेली आणि तिचंच तोंड कडू झालं. बाबांनी रुमालाने मान पुसली, बराच वेळ पुसली. मग म्हणाले, "चल. डेपोत जाऊन येऊ."

दुपारचा डेपो तिने कधी पाहिला नव्हता. उन्हात बसगाड्या ओळीने पेंगत होत्या. कुठेतरी नळ ठिबकत होता. डिझेलचा आणि तापलेल्या रबराचा वास इतका दाट होता की त्यात पोहत गेल्यासारखं वाटत होतं. बाबा आपल्या बसपाशी थांबले आणि म्हणाले, "चढ. माझ्या सीटवर बस."

त्या सीटला बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बारकी बसली. केवढी मोठी काच! समोरचं आवार, फाटक, त्यापलीकडचा रस्ता, सगळं खाली आणि लांब, शांत. तिला वाटलं, आपण एखाद्या घराच्या गच्चीत बसलोय आणि आता हे घरच हळूहळू चालायला लागणार. क्षणभर ती रागही विसरली.

"आता मी मोटारसायकल," बाबा खालून ओरडले. "आरशात बघ आणि मी कुठे आहे ते सांगत राहा."

"बाबा, काय पोरखेळ!"

"सांग तू."

ते मागे गेले. "मागे आहात, उजवीकडे," ती म्हणाली. इवलेसे बाबा, इस्त्रीच्या शर्टातले. मग ते बसला वळसा घालून दाराच्या बाजूच्या आरशात आले. "आता डावीकडे. जवळ येताय. अजून जवळ." बाबा मोठे होत होत आरशाच्या कडेला आले आणि कडेवरून नाहीसे झाले.

"आता?"

आवाज आला, पण माणूस नव्हता. बारकीने वाकून पाहिलं. आरशात ऊन होतं, फरशी होती, एक कबूतर चाललं होतं. समोरच्या काचेतही कोणी नव्हतं. तिने दाराकडे मान लांबवली, तर नुसता पत्रा. सगळं आवार स्वच्छ, रिकामं आणि शांत. या क्षणी कोणीही गिअर टाकून निघालं असतं.

"बाबा!"

"इथेच आहे." पत्र्यावर हाताची थाप पडली, दाराच्या खालच्या बाजूला.

ती धडपडत उतरली. दाराच्या बाजूच्या पुढच्या चाकाला खेटून बाबा उभे होते, तळवा पत्र्यावर ठेवून. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

"एकदा इथून अशीच थाप आली होती," ते म्हणाले. "एक मुलगा होता मोटारसायकलवर, तुझ्या वयाचा. त्याने थाप मारली म्हणून मी थांबलो. माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायला आणि गेला निघून. मी दोन दिवस घरी बसलो. आईला सांगितलं, ताप आहे."

बारकीने त्यांच्या तळव्याखालच्या पत्र्याकडे पाहिलं.

"रस्त्यावरच्या बाकीच्यांची मला भीती नाही गं," बाबा म्हणाले. "ते काय, आपापलं बघून घेतील. मला माझी भीती वाटते. तू इथे असशील आणि मी आरशात बघेन, नीट बघेन, आणि निघेन."

तिने त्यांचा हात पत्र्यावरून काढून आपल्या हातात घेतला. पत्र्याने तो तापला होता. दुकानांतलं ते वाकणं, एक डोळा मिटणं सगळं तिला आत्ता कळलं आणि पायरीवर आपण काय बोललो ते आठवून रडू आलं. रडलीही ती थोडी. बाबांनी रडू दिलं.

"उंच गाडी घेतली तर दिसेन?" तिने नाक पुसत विचारलं.

"इथे कुठलीच दिसत नाही. आज चार दुकानं फिरलो तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं."

"मग मी कुठे असले की दिसेन?"

बाबांनी विचार केला. मग तिला पुन्हा वर चढायला लावलं आणि स्वतः चालत निघाले, बसच्या पुढे, दहा पावलं, वीस पावलं, उन्हात. तिथे वळून उभे राहिले. बसमध्ये तिने बाबांना नेहमी पाठमोरं नाहीतर आरशात पाहिलं होतं. आता काचेतून ते अख्खे दिसत होते, बुटके, थकलेले, दोन्ही हात वर केलेले.

"दिसतोय?"

"दिसताय, बाबा."

"मग इथे राहायचं. नेहमी माझ्या पुढे. तू पुढे गेलीस की मला बघायला आरसा लागत नाही." त्यांनी हात खाली घेतले. "आणि ती पहिली गाडी घे. पाय टेकतात तुझे."