नत्थूजीची ओ

सौंसरच्या तहसिलीसमोर मी नोटरीची पाटी लावली, तेव्हा नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो होतो. नोटरी म्हणजे काय, हे लोकांना ठाऊक नव्हतं. एकानं तर लस टोचून घ्यायला दंड पुढे केला. मी सांगून सांगून थकलो: बाबांनो, माणूस समोर येतो, ओळखीचा कुणी त्याची ओळख देतो, मी कागद वाचून दाखवतो, तो शपथेवर खरं म्हणतो, सही नाहीतर अंगठा माझ्यादेखत करतो, मग मी शिक्का मारतो. माझ्या पाठीमागे काही चालत नाही. शिक्का नवा होता, खुमखुमीही नवीच होती.

रामाकोन्याची जयवंता थंडीच्या दिवसांत भरदुपारी आली. ओळख द्यायला गावचे मास्तर भगवंतराव सोबत होते. तिचा नवरा मिलमध्ये काम बघतो म्हणून नागपूरच्या गाडीत बसला, त्याला सात वर्षं उलटून गेली होती. ना पत्ता, ना निरोप. नवरा जिवंत धरला तर शेत दिराच्या ताब्यात. दीर पुंडलिकराव ते कसतच होता, आणि जयवंतेला नि तिच्या पोरीला, छायाला, त्यानं गोठ्याशेजारच्या खोलीत काढलं होतं. नवरा मेला असं ठरलं, तर नव्या कायद्यानं शेत तिचं. तहसीलदाराला त्यासाठी तिचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. तिनं हातानं लावलेली संत्र्याची झाडं त्या वर्षी पहिल्यांदा लगडली होती.

मी कागद वाचला. "'सात वर्षांत त्यांच्याविषयी मी काहीही ऐकलेले नाही.' खरं ना?"

"होय जी."

"आता नवऱ्याचं नाव सांगा आणि शपथ घ्या."

ती मास्तरांकडे बघायला लागली.

"नत्थूजी," मास्तरच म्हणाले. "वरतं लिवलंच हाये ना साहेब. तिनं जन्मात नाव नाई घेतलं त्याचं."

बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, अशी आमच्याकडे समजूत. दुसऱ्या कुणी मास्तरांच्या तोंडच्या नावावर भागवलं असतं. मी कसला ऐकतो! "शपथ बाईंची, नाव त्यांच्याच तोंडून पाहिजे. आणि गेलेल्या माणसाचं आयुष्य आता काय कमी व्हायचं?"

तिनं पदर सारखा केला. बराच वेळ ओठ नुसते हलले. मग हाक मारावी तसं म्हणाली, "नत्थूजी."

आणि ओसरीवरून कुणीतरी ओ दिली.

साधी, घरातली ओ. परसात कामात असलेला माणूस देतो तशी, जरा उशिरा. मी उठून बाहेर गेलो. ओसरी रिकामी होती. तहसिलीच्या आवारातही चिटपाखरू नव्हतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी अंगावर आलेला काटा बाहीवरून चोळतच मी आत आलो.

मास्तरांचा चेहरा उतरला होता. मी शाईची गादी पुढे सरकवली. "बाहेर कुणी नाही. लावा अंगठा."

"साहेब, कागद काय म्हनते? म्या काई आयकलं नाई?"

"हो."

"आता त आयकलं."

"भास होतो बाई कधी कधी."

"मंग तुमी भायेर काहून गेलते?" ती थेट माझ्याकडे बघत होती. "तुमीबी आयकलं ना?"

मास्तर तिच्या मागून मान हलवून 'नाही म्हणा' असं विनवत होते. माझ्या एका 'नाही'वर शेत तिचं होत होतं.

"ऐकलं," मी म्हणालो. मला माझाच राग आला.

तिनं गादी हळूच परत सरकवली.

"जयवंता, शेत जाईन," मास्तर काकुळतीला आले. "पोरीचा त इचार कर. पांढुर्ण्याले चाल, तिथं दुसरे साहेब हायेत. ते नाव नाई घ्याले लावत."

"त्याइले का सांगू मास्तर? आयकलं नाई म्हनू?"

ती ओसरीवर गेली. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. तिनं नाव घेतलं, आधी हळू, मग मोठ्यानं. तोंडाला सवय नव्हती, आवाज मधेच फाटत होता. स्टेशनच्या रस्त्यानं एक बैलगाडी गेली. मी जिवाचा कान करून उभा होतो. ती ओ पुन्हा यावी असं मला तिच्याइतकंच वाटत होतं, आणि भीतीही त्या ओचीच वाटत होती.

कुणी ओ दिली नाही.

जयवंता चपला घालायला वळली.

"रागावले असन," ती म्हणाली. "जन्मात पयल्यांदा नाव घेतलं, अन् तेबी मेले म्हनून सांगाले."