काकूंच्या नावाची बॅग

सामान बांधावं तर यमुनाकाकूंनीच, हे जगन्नाथरावांच्या घरात इतकं ठरलेलं होतं की त्यावर कुणी चर्चासुद्धा करत नसे. जगन्नाथराव रेल्वेत गार्ड. कोवळ्या वयात झाशीला नोकरीवर आले ते झाशीचेच झाले. पास मिळाला की घरदार निघायचं. कधी नाशिक, कधी रामेश्वर, एकदा तर पोरांच्या हट्टापायी दार्जिलिंग. आणि प्रत्येक वेळी काकू पदर खोचून होल्डॉलपुढे बसायच्या. त्यांनी बांधलेला होल्डॉल रामेश्वरला उघडला तरी आतल्या चादरीची घडी मोडलेली नसायची. कुठे सुरकुती दिसली तर काकूंच्या कपाळावर तिची जोडीदारीण उमटायची.

बरं, बांधायच्या काकू आणि जायची बाकीची मंडळी. काकू आपल्या घरी.

यमुनाकाकू म्हणजे जगन्नाथरावांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ ऐन तिशीत गेला, पदरात मूल नव्हतं, दिरानं मानानं घरी आणलं. पण रेल्वेच्या पासात बायको बसते, मुलं बसतात, आई बसते. भावाची विधवा बसत नाही. पहिल्या वर्षी जगन्नाथराव हळहळले. वहिनी, तुमचं तिकीट वेगळं काढतो, म्हणाले. काकू म्हणाल्या, कशाला, घराला कुणीतरी हवंच. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, तेच उत्तर मिळालं. पुढे विचारायचंच राहून गेलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो. सवय झाली, दुसरं काय. एकदा एखादं माणूस घर राखायला चांगलं आहे असं ठरलं की मग ते राखतच बसतं.

काकू स्टेशनवर मात्र न चुकता जायच्या. खिडकीबाहेर उभं राहून बर्थखालचे नग मोजायच्या, सुरईचं झाकण घट्ट आहे ना ते बघायच्या. गाडी हलली की जगन्नाथराव म्हणायचे, "वहिनी, घर सांभाळा." काकू म्हणायच्या, "पोचल्याचं पत्र टाका." मग टांग्यानं घरी येऊन एकटीपुरता भात टाकायच्या.

अशी वर्षं गेली. वाफेची इंजिनं गेली, जगन्नाथराव रिटायर झाले, रेल्वेचं क्वार्टर सोडून सगळे लक्ष्मी गेटच्या आत एका गल्लीत राहायला आले. धाकटा रघुनाथ शिकून टोरांटोला गेला, तिथेच स्थिरावला, आणि त्याला मुलगी झाली. नाताळच्या सुट्टीत बारसं करायचं त्यानं ठरवलं आणि इथल्या सगळ्यांची तिकिटं धाडायचं कबूल केलं. जगन्नाथराव आणि त्यांची बायको प्रमोदिनी, थोरला श्रीकृष्ण, त्याची बायको लीला, त्यांची कॉलेजात जाणारी बकुळ, शिवाय ग्वाल्हेरहून लेक स्नेहलता नवरा-पोरांसकट. फोनवर रघुनाथनं एवढंच बजावलं होतं: "काकू येणार नसेल तर तुम्हीही कुणी येऊ नका. मुलीला कुंची काकू घालेल, नाहीतर बारसं नाही."

हे ऐकून काकू हसल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तिथे त्यांनी डोळ्यांना पदर लावला, हे कुणी पाहिलं नाही. काकूंना जायचं होतं. अगदी मनापासून, लहान मुलीसारखं जायचं होतं. रघू जन्मला तेव्हा प्रमोदिनीला छातीचं दुखणं लागलं आणि ती कितीतरी महिने दवाखान्यात होती. पोर काकूंच्या मांडीवर वाढलं. त्या पोराचं पोर मांडीवर घ्यायचं आणि त्याच्या डोक्यावर आपल्या हातची कुंची बांधायची, एवढंच त्यांना देवाकडे मागायचं होतं. पासपोर्ट आला तेव्हा त्यावरचा आपला फोटो त्या दुपारी एकट्याच बघत बसल्या. पण जायचंय असं तोंडानं म्हणायची जिभेला सवयच नव्हती.

दसरा झाला आणि घरानं उचल खाल्ली. श्रीकृष्णानं प्रत्येकाला नवी बॅग आणली. काकूंच्या वाट्याला मरून रंगाची आली. चाकांची, किल्लीची. काकूंनी तिच्यावरून हात फिरवला आणि ती कोपऱ्यात सगळ्यांत मागे उभी केली. बकुळनं काकूंना तिबेटी लोकांच्या स्वेटरबाजारात नेलं. लोकरीचा कोट घेतला, मोजे घेतले, बंद बूट घेतले. साठी उलटल्यावर पायात पहिल्यांदा बूट घातले तेव्हा काकूंना दुकानातच हसू आवरेना. घरी आल्यावर त्यांनी कोट कपाटात टांगला, खिशात नॅफ्थलीनची गोळी टाकली आणि कपाट लावून घेतलं.

मग सामान बांधायला बसल्या. काय विचारता. मधल्या खोलीत चालायला जागा उरली नाही. बाळंतिणीसाठी अळिवाचे नि डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. बाळासाठी झबली, टोपडी, स्वतः शिवलेली कुंची, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. प्रत्येकाच्या बॅगेत काय कुठे आहे ते काकूंना झोपेतून उठवून विचारावं. जगन्नाथराव आपले रेल्वेच्या तालात. त्यांनी बॅगेत लोखंडी साखळी नि कुलूप भरलं होतं, बर्थच्या पायाला बांधायचं असतं ना तसं. बकुळ म्हणाली, आजोबा, प्लेन में कौन चोरी करेगा? तेव्हा त्यांनी तिला चार गोष्टी ऐकवल्या. सामान म्हटलं की साखळी पाहिजे, मग ते आकाशातून जावो नाहीतर पाताळातून. शिवाय हवेची उशी, एनॅमलचं ताट, टॉर्च. काकूंनी तेही हूं की चूं न करता नीट बसवून दिलं.

आणि कुणाची बॅग तुडुंब झाली की काकू म्हणायच्या, द्या इकडे, माझ्या बॅगेत जागा आहे. लीलाचं लोणचं तिच्यात गेलं. ग्वाल्हेरहून येऊन पोचलेल्या स्नेहलतेच्या पोरांचे जाडजूड स्वेटर गेले. श्रीकृष्णाचे बूट, प्रमोदिनीची पितळी समई, बकुळचं काय काय. जागा आहे, म्हणत काकू भरत गेल्या. भरून झालं तेव्हा बॅगेवर गुडघा ठेवून त्यांनी किल्ली फिरवली आणि हात झटकून उठल्या. झालं एकदाचं म्हणाल्या.

निघायचा दिवस उजाडला. संध्याकाळची दिल्लीची गाडी होती. लक्ष्मी गेटजवळच्या वाण्याकडून श्रीकृष्णानं ताणकाटा मागून आणला आणि झोपाळा काढून त्याच्या कडीला टांगला. विमानवाले वजन बघतात, त्यांच्यापुढे गार्डची ओळख चालत नाही, हे जगन्नाथरावांना मोठ्या कष्टानं पटलं होतं. एकेक बॅग काट्याला लागली. जगन्नाथराव जुन्या सवयीनं प्रत्येक बॅगेला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं बांधत होते, वर ठळक अक्षरांत नाव. सगळ्यांचं वजन कसंबसं बसलं. शेवटी मरून बॅग टांगली तर काटा इतका खाली गेला की कडी करकरली.

श्रीकृष्ण म्हणाला, काकू, थोडं काढावं लागेल. काकू म्हणाल्या काढा की, काय काढायचं ते काढा. बकुळनं किल्ली लावून झाकण उघडलं. लोणचं बाहेर काढलं, बूट काढले, स्वेटर काढले, समई काढली. खाली हात घातला तर लाडवांचे डबे. त्याच्याखाली दुपटी. त्याच्याखाली बॅगेचा तळ.

बकुळ बघतच राहिली. "काकूआजी, यात तुझं काय आहे? तुझ्या साड्या किधर हैं?"

काकू पुढे झाल्या, वाकल्या, आत बघितलं. त्यांचं एक लुगडं नव्हतं त्यात, की एक पोलकं नव्हतं, की साधा टॉवेल नव्हता. कोट कपाटात होता, बूट खोक्यात होते. अख्ख्या घराचं सामान बांधलं आणि आपलं बांधायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सवयीनं हात चालले, आणि त्या हातांना काकूंचं सामान कधी माहीतच नव्हतं.

आणि मग काकूंच्या तोंडून निघालं ते असं: "बरं झालं की. आता एवढ्या घाईत कुठे भरता. मी राहते. घराला कुणीतरी हवंच."

आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकलं नि वाटलं, अगं बाई, हे काय बोललीस. कुंची डोळ्यांपुढे आली, हिरव्या खणाची, कडेला लाल गोट लावलेली. पण बोललेलं मागे कसं घ्यायचं ते त्यांना येईना. इतकी वर्षं तेच वाक्य त्या बोलत आल्या होत्या आणि इतकी वर्षं लोक ते ऐकून स्टेशनची वाट धरत आले होते. त्या तशाच उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

प्रमोदिनी जरा मागे भिंतीशी उभी होती. ही बाई अशी की तिचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नाही. ती पुढे आली, मरून बॅग दोन्ही हातांनी उचलून उलटी केली, आणि डबे-दुपटी सतरंजीवर ओतली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मी दवाखान्यातून परत आले तेव्हा रघू मला ओळखत नव्हता. तुम्ही त्याला माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, ही तुझी आई. तुमच्या जागी मी असते तर मला नसतं ठेववलं. आता त्याच्या मुलीला तुमच्या मांडीवर ठेवायचं आहे, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार आहे. ही बॅग तुमची. हिच्यात दुसऱ्या कुणाचं काही जाणार नाही. बसा तिथे, आणि हात लावायचा नाही."

काकू बसल्या.

जगन्नाथरावांनी आपली बॅग ओढून उघडली, साखळी-कुलूप काढलं, एनॅमलचं ताट काढलं, हवेची उशी काढली, टॉर्च काढला आणि रिकाम्या जागेत लाडवांचा डबा बसवायला लागले. श्रीकृष्णानं बुटांवर पाणी सोडलं. लीलानं लोणचं शेजारच्या चंपाच्या घरी देऊन टाकलं. दुपटी सगळ्यांनी एकेक करून वाटून घेतली. आणि मग सगळा गोतावळा काकूंच्या कपाटावर तुटून पडला.

आता गंमत अशी की त्या घरात सामान बांधायला एकालाही येत नव्हतं. शिकलं होतं कोण? जगन्नाथरावांनी लुगडी गार्डच्या झेंड्यांसारखी सुरळ्या करून भरली. बकुळनं मोजे कोटाच्या बाह्यांत कोंबले. प्रमोदिनीनं चांगलं जांभळं रेशमी लुगडं घडी करायला घेतलं, घडी वाकडी झाली, सोडली, पुन्हा घातली, ती आणखी वाकडी झाली. स्नेहलतेच्या पोरांनी वरून बूट ठेवले. ते बघून काकूंचे हात शिवशिवत होते. दोनदा त्या उठायला गेल्या आणि दोनदा प्रमोदिनीनं नुसतं वळून बघितलं. मग काकूंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि मुकाट बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते पुसायलाही त्यांनी हात काढले नाहीत. देवा, किती दिलंस, एवढंच त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. माझं लुगडं घडी करायला इतके हात.

बॅग लागली, काट्यावर बसली. जगन्नाथरावांच्या हातात एक पुठ्ठ्याची चिठ्ठी उरली होती. ती त्यांनी मरून बॅगेच्या मुठीला बांधली. यमुनाबाई. सुतळीला त्यांनी एक गाठ मारली, मग दुसरी मारली, आणि बराच वेळ ते त्या गाठीशीच काहीतरी करत वाकून बसले.

गल्लीत टेंपो येत नाही, म्हणून बॅगा हातांनी उचलून गेटपर्यंत न्याव्या लागल्या. सगळी गल्ली मदतीला आली. चंपा स्टेशनवर आली, किल्ली तिच्याकडेच ठेवायची होती, तुळशीला पाणीही तीच घालणार होती. काकू डब्यात बसल्या, खिडकीजवळ, आणि बाहेर चंपा उभी राहिली. बाहेरून आतली माणसं दिसतात तशी आतून बाहेरची माणसं दिसत नाहीत, हे काकूंना त्या दिवशी कळलं. गाडी हलली. जगन्नाथरावांनी काकूंकडे बघितलं. काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

काकूच खिडकीतून वाकल्या. "चंपा, घर सांभाळ गं," म्हणाल्या. "पोचल्याचा फोन करीन."

टोरांटोला बर्फ गुडघ्याएवढं होतं. बारशाच्या सकाळी काकूंनी मरून बॅग उघडली आणि जांभळं लुगडं काढलं. त्याला आडव्यातिडव्या इतक्या सुरकुत्या पडल्या होत्या की बोळा करून ठेवलं असतं तरी बरं. रघुनाथची बायको लगेच इस्त्री घेऊन आली. द्या काकू, दोन मिनिटांत करून देते, म्हणाली.

काकूंनी लुगडं छातीशी धरलं. ज्या बाईला जन्मभर कुणाच्या चादरीवरची सुरकुती खपली नाही, ती तसंच लुगडं नेसली, तशीच बाहेर पाहुण्यांत येऊन पाटावर बसली. प्रमोदिनीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी हिरवी कुंची बाळाच्या डोक्यावर घातली आणि बंद बांधले. सून अजून इस्त्रीकडे बघत जरा ओशाळल्यासारखी उभी होती.

"असू दे गं," काकू तिला म्हणाल्या. "माझी बॅग घरच्यांनी भरली होती."