धनीरामचा उजवा गाल

अड्याळच्या शाळेतल्या गोपीचंद मास्तरांना नुसतं विज्ञान शिकवून समाधान नव्हतं. एकोणऐंशी साली त्यांच्या डोक्यात शिरलं की झाडपाल्याचं जेल करायचं, मुरुमांवर. कोरफडीचा गर अन् कडुनिंबाचा काढा ठरलेला, पण घट्टपणा काही जमेना. तांदळाची खळ घातली तर तोंडावर पापड वाळायचा. डिंक घातला तर माशा. शेवटी जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस मिसळला, आणि काय सांगू, मास्तर स्वतःवरच खूश!

लावायचं कुणाला? धनीरामला. एकोणीस वर्षांचा हा गडी दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, रंगणाऱ्या दंडार नाटकात नायिका व्हायचा, आणि यंदा त्याच्या गालांवर मुरुमांचं पीक तरारून आलेलं. दंडार बसवणारे दादाजी म्हणाले होते, "मंडईपर्यंत थोबाड साफ नाई झालं, तं बाबूलालले साडी नेसवतो." बाबूलालला! ज्याचा आवाज रेड्याचा! धनीरामची झोपच उडाली.

"फक्त डाव्या गालाले लाव," मास्तरांनी बजावलं. "उजवा कोरडा ठेव. फरक दिसला तरच औषध खरं."

आता अर्ध्या तोंडाची नायिका कुणी पाहिली आहे का? धनीरामनं गुपचूप दोन्ही गालांना चोपडलं. महिन्याभरात दोन्ही गाल लोण्यासारखे! दादाजी खूश, धनीराम आरशासमोरून हलेना.

मास्तर मात्र ते गाल पाहून मटकन खाली बसले. "दोन्ही बरे झाले? म्हणजे आपोआपच गेले. माझ्या जेलात काई दम नाई रे." उठले आणि जेलाचं मडकं घेऊन उकिरड्याकडे निघाले.

धनीराम मागं धावला. "गुरुजी, थांबा! मी दोन्हीकडं लावलं!"

"काहून खोटं बोलून राहिला? माझं मन राखतं काय?"

त्यानं शपथा घेतल्या, पाय धरले. मास्तर ऐकेनात. मंडईला वीस दिवस उरले होते. धनीरामनं मनातल्या मनात बाबूलालला अस्सल शिवी हासडली, उजवा गाल खसाखसा धुतला आणि मडक्यातलं बोटभर जेल डाव्या गालालाच फासलं.

"आता पाहत राहा," तो म्हणाला.

मंडईच्या दिवशी उजव्या गालावर सात टपोरे मुरूम होते, डाव्यावर एकही नाही. बाबूलाल साडी नेसून लाजत होता, लोक शिट्ट्या मारत होते. धनीराम भाला धरून पहारेकरी झाला होता. रडू येत होतं त्याला, खरंच येत होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मास्तर उभे राहिले आणि शेजारच्यांचे खांदे हलवून ओरडू लागले, "अरे, तिकडं काय पाहता? भालेवाला पाहा, भालेवाला!"