सासूबाईंची वाकडी चाकं

जन्मभर लोकांच्या पोरांचे वाकडे दात तारेने सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद केल्यावर आता करणार काय, असा प्रश्न सगळ्यांना पडला होता. लेकीने बागकाम सुचवलं, शेजारणीने विणकाम. जावयाने काहीच सुचवलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या सासू-जावयाचं बोलणं "चहा घेणार?" आणि "नको, आत्ताच झाला" याच्यापुढे कधी गेलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावर राहणारा जावई अधूनमधून शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर गाडी पळवायला जायचा. एका रविवारी निघताना सासूबाई दारातच उभ्या होत्या, म्हणून त्याने आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "येता का, आई?"

"थांबा, बूट घालते," बाई म्हणाल्या.

त्याच्या शेजारी बसून बाईंनी ट्रॅकच्या फेऱ्या मारल्या. हेल्मेट काढलं तेव्हा केस पिंजारलेले, चष्मा तिरपा आणि हसू काही केल्या आवरेना. "पुढच्या वेळी मी चालवणार," त्यांनी जाहीर केलं. "माझी लाल गाडी घेऊन."

लाल गाडी म्हणजे दवाखान्यात जाण्यायेण्याची जुनी, छोटीशी गाडी. भाजीच्या पिशव्यांपेक्षा मोठं संकट तिने कधी पाहिलं नव्हतं. जावयाला हो म्हणवेना आणि सासूबाईंना नाही कसं म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या वेळी बाईंनी गाडी ट्रॅकवर घातली खरी, पण गाडीने पार अब्रू घालवली. वळण आलं की बाई स्टिअरिंग फिरवायच्या आणि गाडी आपली रुसून माहेरी निघाल्यासारखी सरळ बाहेरच्या कडेकडे. टायर तर असे केकाटत होते की लोक वळून वळून पाहत होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी अंगणात बसून पुढच्या टायरवरून हात फिरवला. आतली बाजू नवी कोरी आणि बाहेरची कड किसणीवर घासल्यासारखी. त्यांनी लगेच वर फोन लावला.

"जावईबापू, हिचा चावा चुकतोय!"

"कुणाचा?"

"गाडीचा हो! वळताना टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. सबंध टेकतच नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. मग जावयाचा असा आवाज आला, जो बाईंनी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. "कॅम्बर, आई! तिला कॅम्बर कमी पडतोय! मी येतो!"

तो आला तो अवजारांची पेटी घेऊनच. चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवायचा, म्हणजे वळणात गाडी कलली की टायर जमिनीवर सपाट बसतो, असं त्याने हाताचा तळवा तिरपा करून दाखवलं.

"म्हणजे सरळ चाक आपण वाकडं करायचं?"

"मुद्दाम."

"मुद्दाम!" बाईंना अगदी गुदगुल्या झाल्या. पस्तीस-चाळीस वर्षं जे केलं त्याच्या बरोबर उलटं करायचं, आणि वर ते बरोबरही ठरणार!

दोघं गाडीखाली शिरली. "पाना देता का?" "घ्या ना." "तुमचं कोपर माझ्या कानात आहे हो." "माफ करा, आई." बोल्ट ढिले करून दोन्ही चाकं आत झुकवली, पण त्यामुळे चाकांची तोंडं भलतीकडेच वळली. तीही जुळवायला हवीत, पुढची दोन्ही केसभर बाहेर, म्हणजे गाडी वळणात चटकन शिरते. गाडीच्या दोन्ही अंगांना स्टुलं ठेवून दोरा ताणला आणि दोऱ्यापासून चाकाच्या कडेपर्यंतचं अंतर बाईंनी इतकं बारीक मोजलं, की जावई म्हणाला, "आई, दाढ नाहीये ती." बाई इतक्या हसल्या की दोरा तुटला.

आता हसताना काय झालं कुणास ठाऊक, एका बाजूचा, चाकाचं तोंड वळवणारा दांडा उलटा फिरवला गेला. बाईंनी मोठ्या दिमाखात स्टिअरिंग अगदी सरळ धरून गाडी काढली आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी तिरकी जात थेट लेकीने लावलेल्या कुंड्यांत घुसली. आवाज ऐकून लेक धावत बाहेर आली. पाहते तर आई स्टिअरिंगवर डोकं टेकून खिदळतेय आणि आपला गंभीर नवरा मातीत बसून डोळे पुसतोय.

"दोघांनाही वेड लागलंय," ती म्हणाली. "रविवारी मी येणार. कुणीतरी शुद्धीवर असायला हवं."

दोरा पुन्हा ताणला, चूक निस्तरली आणि रविवारी तिघंही ट्रॅकवर पोहोचली.

तिथे हवेवरून वाजलं. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर टायरची हवा लिहिलेली असते, तेहेतीस. जावई म्हणाला, "सकाळी गार टायरमध्ये सत्तावीसच ठेवू. पळून पळून टायर तापतात, की आतली हवा आपोआप चढते."

"कंपनीने तेहेतीस लिहिलंय ना? मग तेहेतीस."

"बरं, आई," जावई म्हणाला, कारण नाही म्हणणं अजून जमत नव्हतं.  शेजारच्या सीटवर बसण्यापूर्वी मात्र त्याने टायरच्या कडेवर खडूने रेघा तेवढ्या मारून ठेवल्या.

पहिल्या फेऱ्या झकास गेल्या. चाकं वाकडी, पण गाडी वळणात अशी शिरायची की बाईंनी एकदा आनंदाने हॉर्नच वाजवला. मग टायर तापले. गाडी साबणावर उभी असल्यासारखी निसटू लागली. मोठ्या वळणावर बाईंनी जरा जास्तच हौसेने स्टिअरिंग फिरवलं, मागची बाजू सुटली, आणि आभाळ, गवत, कुंपण, परत आभाळ!

"आई गंऽऽ!" जावई ओरडला.

"काय हो?" गाडी गरगरत असतानाच बाईंनी विचारलं.

गाडी गवतात उलटं तोंड करून थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हाक मारलीत ना?"

"हाक नव्हती ती!" जावई म्हणाला आणि दोघंही अशी फुटली, की मदतीला धावत आलेला ट्रॅकवरचा झेंडेवाला काळजीने काचेवर टकटक करत राहिला.

परत येऊन मीटर लावलं तर हवा चाळिशीच्या पुढे. टायर फुग्यासारखे टम्म. कडेवरच्या खडूच्या रेघा जशाच्या तशा, म्हणजे टायर फक्त पोटावर पळत होता.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही, जावईबापू, यापुढे मला नाही म्हणायला शिका."

"नाही, आई."

"हे बघा, जमलं!"

गुडघ्यावर बसून बाईंनी एकेका टायरची हवा सोडली. फुस्स, मीटर. फुस्स, मीटर. तापलेल्या टायरची हवा चौतिसावर आणली, म्हणजे गार झाल्यावर सत्तावीसच. खडूच्या रेघा पुन्हा मारल्या. उठून पाहतात तर लेक डोक्यावर हेल्मेट चढवून, पट्टा लावून शेजारच्या सीटवर तयार.

"मी फक्त लक्ष ठेवायला बसतेय," ती म्हणाली.

पहिल्या वळणात लेकीने दाराची कडी घट्ट धरली. दुसऱ्यात डोळे मिटले. तिसऱ्या वळणात लाल गाडी पार आतली कड पकडून, एकही टायर न केकाटता, रुळावरून धावावी तशी फिरली. स्टिअरिंगमधून रस्त्याचा कण न् कण बाईंच्या बोटांना कळत होता. पुढे मोठं वळण आलं. ज्याने मघाशी गवतात फेकलं होतं तेच. बाईंनी श्वास रोखला, स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी शहाण्या लेकरासारखी वळली. मागचा टायर जरासा घसरला आणि आपणहून सावरला.

"जोरात!" कुणीतरी किंचाळलं. बाईंना वाटलं, आपणच. पण ती लेक होती. "अगं, अजून जोरात ना!"

थांबल्या तेव्हा खडूच्या रेघा कडेपर्यंत, अगदी जिथे पुसल्या जायला हव्या तिथपर्यंत पुसल्या होत्या. जावई ते खाली वाकून पाहत होता आणि लेक त्याच्या पाठीवर थापा मारत होती. "तू इतकी वर्षं एकटाच येत होतास? मला न सांगता?"

"सांगितलं होतं. तू झोपा काढायचीस."

रस्त्यावर निघण्याआधी टायरमध्ये पुन्हा हवा भरायला हवी होती. ट्रॅकबाहेरच्या पेट्रोल पंपावर हवेचा पाइप आपल्याच हातात हवा म्हणून तिघांची ओढाताण चालली होती. शेवटी लेकीने तो पळवला. पहिल्याच टायरला तिने पाइप असा तिरपा लावला की सगळी हवा भस्सकन तिघांच्या तोंडावर आली, आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस हॉर्न वाजवायचं विसरून बघत राहिला.